‘मम’ म्हणणारे विश्वस्त

न्यूयॉर्कची क्रायस्लर इमारत चित्रपटांतून सगळ्यांच्या ओळखीची आहे. 1930 साली पूर्ण झालेली, डोक्यावर चकचकीत पोलादी मुकुट असलेली ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, तिचा मालक कुणी धनाढ्य बिल्डर नाही. ती जमीन एका छोट्या महाविद्यालयाची आहे. कूपर युनियन हे त्याचे नाव. या जमिनीचे भाडे महाविद्यालयाला मिळते, आणि शहराच्या तिजोरीत जाण्याजोगा मालमत्ता कराचा पैसाही एका जुन्या सवलतीमुळे महाविद्यालयाकडेच वळतो. असे घबाड हाताशी असलेली संस्था कंगाल कशी होईल? पण 2011 साली ती कंगाल होण्याच्या उंबरठ्यावर उभी होती. चोरी झाली नव्हती, आग लागली नव्हती. जे झाले ते विश्वस्त मंडळाच्या बैठकांत, रीतसर ठराव होऊन झाले.

कूपर युनियनची कुळकथा मोठी लोभस आहे. पीटर कूपर हा जेमतेम वर्षभर शाळेत गेलेला कारागीर. सरस बनवण्याच्या धंद्यात त्याने पैसा कमावला आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या आगगाडी इंजिनांपैकी ‘टॉम थंब’ हे इंजिन बांधले. आपल्याला जे शिकायला मिळाले नाही ते गरिबांच्या मुलांना मिळावे, म्हणून 1859 साली त्याने ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी, अमेरिकेचा अध्यक्ष होण्याआधी, अब्राहम लिंकनने तिच्या सभागृहात गाजलेले भाषण केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे पदवीच्या विद्यार्थ्यांना फी नव्हती. अभियांत्रिकी, वास्तुकला आणि कला या तीन शाखा, हजाराच्या आसपास विद्यार्थी. प्रवेश मिळवणे महाकठीण, पण एकदा मिळाला की शिक्षण फुकट. शंभर वर्षांहून अधिक काळ हीच या संस्थेची ओळख होती.

तारण ठेवलेली जमीन

2006 साली विश्वस्त मंडळाने एक मोठा निर्णय घेतला. क्रायस्लर इमारतीखालची जमीन तारण ठेवून मेटलाइफ या विमा कंपनीकडून 17.5 कोटी डॉलरचे कर्ज काढायचे आणि नवी शैक्षणिक इमारत बांधायची. थॉम मेन या नामांकित वास्तुरचनाकाराने आराखडा केला. जाळीदार धातूच्या आवरणाची, पोटातून चिरलेली वाटावी अशी ही इमारत 2009 साली उघडली. तिचे कौतुकही भरपूर झाले.

कर्जाचा व्याजदर सुमारे पावणेसहा टक्के होता. म्हणजे वर्षाला जवळपास 1 कोटी डॉलर नुसते कर्जापायी जाणार होते. मुदत 30 वर्षांची, आणि मुदतीआधी फेड करायची तर मोठा दंड. हा भार पेलायला मंडळाची भिस्त तीन गोष्टींवर होती. इमारतीसाठी मोठ्या देणग्या येतील, गुंतवणुकीवर चांगला परतावा मिळेल, आणि 2018 साली क्रायस्लरच्या जमिनीचे भाडे वाढेल. यातली तिसरी गोष्ट करारातच लिहिलेली होती. वर्षाला 77.5 लाख डॉलर असलेले भाडे 2018 पासून 3.25 कोटींवर जाणार होते. घरात लग्न काढायचे आणि खर्चाचा भरवसा बारा वर्षांनी पिकणाऱ्या विमा पॉलिसीवर ठेवायचा, तसा हा हिशेब. मधली बारा वर्षे कशी काढायची, याचे उत्तर उरलेल्या दोन गोष्टींत होते. त्या दोन्हींना कराराचा आधार नव्हता.

2008 साली बाजार कोसळला. अपेक्षेएवढ्या देणग्याही आल्या नाहीत. एवढ्या गाजलेल्या इमारतीला कुणा दानशूराचे नाव लागले नाही. ‘41 कूपर स्क्वेअर’ या पत्त्यानेच ती ओळखली जाते.

खरे तर दुखणे त्याही आधीचे होते. अनेक वर्षे संस्थेचा रोजचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता, आणि हा फरक मालमत्ता विकून किंवा साठवलेल्या निधीला हात घालून भरला जात होता. ज्या वर्षी जमिनीचा एखादा मोठा व्यवहार होई, त्या वर्षीचे आकडे गोंडस दिसत. विळ्या-भांडी विकून महिना भागवणाऱ्या घरातही महिनाअखेर हातात पैसे दिसतातच. फक्त मांडणीवरची भांडी मोजायला कुणी जात नाही.

2011 च्या उन्हाळ्यात भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ जमशेद भरुचा कूपर युनियनचे अध्यक्ष म्हणून आले. काही महिन्यांतच, ऑक्टोबरअखेर, त्यांनी संस्थेची आर्थिक अवस्था उघड केली आणि फी लावावी लागेल असे सूचित केले. एप्रिल 2013 मध्ये विश्वस्त मंडळाने ठराव केला: 2014 पासून येणाऱ्या विद्यार्थ्यांना अर्धीच शिष्यवृत्ती मिळेल. उरलेली अर्धी फी वर्षाला 20 हजार डॉलरच्या घरात जात होती. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयात ठाण मांडले ते 65 दिवस. पुढच्या वर्षी माजी विद्यार्थी, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी मिळून कोर्टात दावा ठोकला.

विश्वस्त म्हणजे कोण?

अमेरिकेत महाविद्यालय असो की विद्यापीठ, शेवटचा शब्द विश्वस्त मंडळाचा असतो. अध्यक्षाची म्हणजे तिथल्या कुलगुरूची नेमणूक, फी, कर्ज, इमारती, वार्षिक अंदाजपत्रक, सगळ्यावर त्यांची मोहोर लागते. खासगी संस्थांत जुने विश्वस्तच बहुधा नवे निवडतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी राज्यपाल नेमणूक करतो. सदस्य असतात वकील, उद्योजक, बँकर, डॉक्टर, मोठे देणगीदार, माजी विद्यार्थी. या कामाचा पगार नसतो. वर्षातून तीन-चार बैठका, आठवडाभर आधी येणारे जाडजूड कागद, बैठकीत अध्यक्षांचे सादरीकरण, मग जेवण.

गोम इथेच आहे. कारखाना चालवलेल्या माणसाला ताळेबंद वाचता येतो, पण महाविद्यालयाचे हिशेब कारखान्यासारखे नसतात. आणि कवी, डॉक्टर किंवा निवृत्त न्यायाधीश असलेल्या विश्वस्ताला तर ताळेबंद हीच परकी भाषा. अशा वेळी बाहेरच्या जगात मोठा असलेला माणूस बैठकीत अडाणी दिसायला कचरतो. अध्यक्ष हुशार आहेत, खजिनदाराने आकडे तपासले असतील, शेजारचे गृहस्थ तर बँकेतलेच आहेत. मग पूजेला बसलेला यजमान जसा भटजींच्या प्रत्येक संकल्पानंतर पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणतो, तसा ठराव संमत होतो. शेजारचे बँकवाले गृहस्थही कदाचित हाच विचार करून गप्प बसलेले असतात.

‘मम’ म्हणण्याची किंमत अमेरिकेने कूपर युनियनच्या आधीही मोजली होती. न्यूयॉर्कजवळच्या अडेल्फी विद्यापीठात अध्यक्षांचा पगार आणि सोयीसवलती देशातल्या सर्वांत महागड्या अध्यक्षांच्या पंगतीत जाऊन बसल्या होत्या. विद्यार्थीसंख्या मात्र घसरत होती. प्राध्यापकांनी तक्रार केली, चौकशी झाली, आणि फेब्रुवारी 1997 मध्ये राज्याच्या शिक्षण नियामक मंडळाने अडेल्फीच्या 19 पैकी 18 विश्वस्तांना एका आदेशाने घरी बसवले. त्यांच्यावरचा ठपका देखरेखीत कसूर केल्याचा होता. विश्वस्त हे शोभेचे पद नाही, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले.

आकडे वाचायची शाळा

विश्वस्तांना शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे? अमेरिकेत 1921 पासून विश्वस्त मंडळांची एक राष्ट्रीय संघटना आहे. ती शिबिरे भरवते, पुस्तिका काढते, मंडळांना स्वतःची परीक्षा घ्यायला लावते. पण शिबिराला जायचे की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तोच बहुधा येत नाही. म्हणून काही राज्यांनी कायदाच केला.

व्हर्जिनिया राज्यात सरकारी विद्यापीठांच्या मंडळांवरील नव्या सदस्यांना पहिल्या दोन वर्षांत राज्याच्या उच्च शिक्षण परिषदेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. काय शिकवायचे याची यादी कायद्यातच आहे. अंदाजपत्रक, आर्थिक अहवाल, राखीव निधी आणि कायम निधीचे व्यवस्थापन, फी ठरवण्याची पद्धत, इमारतींचे नियोजन आणि देखभाल, इतकेच काय, सदस्याची पहिली बांधिलकी राज्याच्या नागरिकांशी आहे हेसुद्धा त्या यादीत आहे. टेक्सासचा कायदा आणखी कडक. तिथे नवा सदस्य प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करेपर्यंत अंदाजपत्रकाच्या किंवा नेमणुकांच्या प्रश्नावर मतच देऊ शकत नाही. बैठकीत बसा, ऐका, पण हात वर करायचा तो शिकून झाल्यावर.

या शाळेतला पहिला धडा पैशाच्या जातींचा. महाविद्यालयाकडे 10 कोटींचा निधी आहे म्हणजे 10 कोटी खर्चता येतात, असे मुळीच नाही. देणगीदाराने ग्रंथालयासाठी दिलेला पैसा पगारात वळवता येत नाही. देवळाच्या कळसासाठी गोळा केलेल्या वर्गणीतून पुजाऱ्याचा पगार भागवला तर गाव जाब विचारते, तसेच हे. कायम निधीचे मुद्दल राखायचे आणि त्यातून दरवर्षी साधारण चार-पाच टक्के उचलायचे, ही तिथली रूढ रीत. कुणी सात-आठ टक्के उचलू लागले की विश्वस्ताचे कान टवकारले पाहिजेत.

दुसरा धडा एकदाच येणाऱ्या आणि दरवर्षी येणाऱ्या पैशाचा. जमीन विकून आलेली रक्कम एकदाच येते. प्राध्यापकांचा पगार दर महिन्याला जातो. एकाने दुसरे भागवले की अंदाजपत्रक त्या वर्षापुरते जुळते आणि पुढच्या वर्षीचा खड्डा तेवढाच खोल राहतो. कूपर युनियनमध्ये हेच झाले. म्हणून प्रशिक्षणात सांगतात, एका वर्षाचे अंदाजपत्रक पाहून मान डोलवू नका. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज मागा, आणि तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे ते विचारा. विद्यार्थी दहा टक्क्यांनी घटले तर काय होईल? बाजार पडला तर? अपेक्षित देणगी आलीच नाही तर?

तिसरा धडा न दिसणाऱ्या खर्चाचा. छप्पर गळते आहे, जिने खिळखिळे झाले आहेत, प्रयोगशाळेतली वायरिंग जुनी आहे. दुरुस्ती पुढे ढकलली की यंदाचे आकडे सुधारतात, पण ते छपरावरचे कर्ज असते. फीचा आकडाही असाच फसवा. अमेरिकेतली कित्येक खासगी महाविद्यालये फी चढी ठेवतात आणि शिष्यवृत्तीच्या नावाने घसघशीत सूट देतात. छापील फी वाढली म्हणजे उत्पन्न वाढले असे होत नाही. सूट वजा जाता हातात किती पडले, हा आकडा मागावा लागतो.

चौथा धडा कुणाशी बोलायचे याचा. हिशेब तपासनीस अध्यक्षांचा नसतो, मंडळाचा असतो. लेखापरीक्षण समितीने वर्षातून एकदा तरी अध्यक्ष आणि खजिनदार यांना खोलीबाहेर पाठवून तपासनीसाला विचारावे की काही खटकले का. साधी रीत आहे. पण ज्या मंडळाने ती कधी पाळली नाही, तिथे पहिल्यांदा अध्यक्षांना बाहेर थांबायला सांगताना भल्याभल्यांची जीभ अडखळते.

घाबरट हिशेबही घातक

देखरेख म्हणजे फक्त संशय आणि काटकसर, असे मात्र समजू नये. व्हर्जिनियातले स्वीट ब्रायर हे 1901 साली स्थापन झालेले मुलींचे महाविद्यालय. 3 मार्च 2015 रोजी तिथल्या विश्वस्तांनी अचानक जाहीर केले की उन्हाळ्यात महाविद्यालय बंद होणार. विद्यार्थिनी घटत होत्या, सवलती वाढत होत्या, कर्ज होते. पण सुमारे 8.4 कोटी डॉलरचा निधीही होता, त्यातला बराचसा विशिष्ट कामांसाठी बांधलेला. मंडळाने आकडे वाचले होते. पण ते बंद दाराआड वाचले आणि निष्कर्ष काढून मगच दार उघडले.

माजी विद्यार्थिनी खवळल्या. त्यांनी वकील लावले, पैसे गोळा केले, स्थानिक सरकारी वकील कोर्टात गेल्या. जूनमध्ये राज्याच्या महाधिवक्त्याच्या मध्यस्थीने तडजोड झाली. जुन्या मंडळातले बहुतेक जण पायउतार झाले आणि नवा अध्यक्ष आला. माजी विद्यार्थिनींनी 1.2 कोटी डॉलर उभे करायचे आणि महाधिवक्त्याने 1.6 कोटी डॉलरच्या निधीवरची बंधने सैल करायला संमती द्यायची, असे ठरले. ज्या मदतीवर पुढे महाविद्यालय तगले, ती मागायची कल्पना आधीच्या मंडळाने बादच धरली होती. स्वीट ब्रायर आजही चालू आहे.

देखरेखीतली ढिलाई अमेरिकेबाहेरही दिसते. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात 2024 च्या अखेरीस प्रमुखांनी राजीनामा दिला. पाठोपाठ साडेतीन कोटी पौंडांची तूट समोर आली आणि 632 नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव आला. जून 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने वरिष्ठांच्या आर्थिक कारभारावर ताशेरे ओढले आणि नियामक मंडळ पुरेसे खडसावून विचारत नव्हते, असेही नोंदवले.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र अगदीच अनोळखी वाटणार नाही. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आपल्याकडे अधिसभा, व्यवस्थापन परिषद, वित्त व लेखा समिती अशी उतरंड बांधली आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आणली. अंदाजपत्रकावर चर्चा करून शिफारस करणे हे या समितीच्या कामांपैकी एक. तिच्यात प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी, उद्योग आणि समाजकार्यातली माणसे अशी सरमिसळ असते. अंदाजपत्रकाचे चोपडे हाती पडल्यावर ते कुठून उघडायचे, हा प्रश्न टेक्सासच्या नव्या सदस्याला पडतो तसा इथल्या नव्या सदस्यालाही पडतो.

टेबलाशी नव्या खुर्च्या

कूपर युनियनचा दावा कोर्टात चालू असतानाच न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्याने स्वतंत्र चौकशी केली. 2015 च्या जूनमध्ये पाच विश्वस्तांनी राजीनामे दिले, त्यांच्यात जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंडही होते. पाठोपाठ भरुचाही गेले. सप्टेंबरमध्ये समझोता झाला. महाधिवक्त्याने मंडळाच्या कर्जाच्या निर्णयावर आणि देखरेखीवर बोट ठेवले. कुणाला तुरुंगात धाडले नाही, दंडही ठोठावला नाही. बदलली ती बैठकीची रचना.

मंडळावर विद्यार्थ्यांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी आले. संस्थेची आर्थिक कागदपत्रे उघडी ठेवणे भाग पडले. बाहेरचा एक स्वतंत्र आर्थिक निरीक्षक नेमला गेला, आणि पुन्हा फुकट शिक्षण कसे देता येईल याचा आराखडा करण्यासाठी खास समिती बसली. या समितीला नुसती सदिच्छा पुरणार नव्हती. वर्षागणिक किती तूट कमी होईल, राखीव निधी किती वाढेल, कोणत्या टप्प्यावर शिष्यवृत्ती किती वाढवता येईल, हे आकड्यांत मांडायचे होते. 2018 च्या सुरुवातीला मंडळाने दहा वर्षांची योजना मंजूर केली. खर्चाला कात्री, देणग्यांसाठी सतत पाठपुरावा, आणि ठरलेली उद्दिष्टे गाठली तरच शिष्यवृत्तीत पुढची वाढ.

त्याच वर्षी क्रायस्लरचे भाडे ठरल्याप्रमाणे चौपट झाले. बारा वर्षांपूर्वी मंडळाने ज्या दिवसाकडे डोळे लावले होते तो दिवस उजाडला. पण खात्रीच्या उत्पन्नालाही ग्रहण लागते. 2019 साली इमारतीचा भाडेपट्टा घेतलेल्या कंपन्यांपैकी एक पुढे ऑस्ट्रियात दिवाळखोरीत गेली. भाडे थकू लागले आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये कूपर युनियनने भाडेपट्टा रद्द केला. थकबाकी 2.1 कोटी डॉलर होती. प्रकरण कोर्टात गेले.

त्याच सप्टेंबरात संस्थेकडून आणखी एक घोषणा झाली. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांच्या बळावर पुढची चार वर्षे शेवटच्या वर्षातल्या सर्व विद्यार्थ्यांची फी माफ. म्हणजे तेव्हा शिकत असलेला प्रत्येक जण किमान एक वर्ष तरी पीटर कूपरच्या मूळ अटीवर शिकणार होता. सगळ्यांना पदवीची सर्व वर्षे फुकट, या उद्दिष्टासाठी 2018 च्या योजनेने दहा वर्षांची मुदत आखली होती. क्रायस्लरचे भाडे येवो न येवो, मेटलाइफच्या कर्जाचे हप्ते तोवर चालूच राहणार आहेत. ते दर बैठकीच्या कागदांत छापून येतील, आणि ते कागद आता विद्यार्थी प्रतिनिधींच्या पुढ्यातही पडतील.